कपाशीचे दिवस: पाकिटावरचे आणि रानातले

मे महिना सरत आला की येवला, नांदगाव, मालेगावच्या बियाण्यांच्या दुकानांत कपाशीची चौकशी सुरू होते. भावावरून घासाघीस व्हायचं कारण नसतं, कारण कमाल किंमत सरकार ठरवून देतं. २०२४ मध्ये बीजी-२ या बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ८६४ रुपये होती. गिऱ्हाईक विचारतं ते वेगळंच: ‘किती दिवसांत रान मोकळं करतं?’ नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात कपाशीच्या पाठीमागे कांदा उभा असतो. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं आणि डिसेंबर-जानेवारीत लागण करायची, असं इथलं गणित. कपाशी जानेवारीपर्यंत रानात बसून राहिली तर कांद्याची लागण लांबते, आणि उशिराच्या कांद्याला पोसायला विहिरीत पाणी उरलेलं नसतं.

दुकानदाराचं उत्तर तयार असतं. १४० ते १५० दिवसांचं वाण लवकरचं, १६० ते १८० दिवसांचं मध्यम, त्याच्या पुढचं उशिराचं. कंपन्यांची पत्रकंही हेच सांगतात. आकडा खोटा नसतो, पण अर्धाच असतो. एकाच वाणाची कपाशी एका रानात दिवाळीला उरकते आणि बांधापलीकडे संक्रांतीपर्यंत चालते, हे कापूस पिकवणाऱ्या कुणालाही नवं नाही. मग दिवस ठरवतं कोण? बियाणं, हवामान, अळी की शेतकरी? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली आहेत आणि ती एकत्र पाहिल्याशिवाय आजच्या कपाशीचा गोंधळ उलगडत नाही.

सुरुवात झाडापासून करू. कपाशी मुळात वर्षाचं पीक नाही. तो झुडुपाचा वर्ग. देवघराच्या वातींसाठी परसात लावलेला देवकापूस वर्षानुवर्षं जगतो, हे जुन्या घरांतून आजही पाहायला मिळतं. रानटी आणि बहुवार्षिक कपाशींपैकी पुष्कळ जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या लवकर बोंडं देणारी झाडं निवडली आणि झुडुपाचं एका हंगामाचं पीक झालं. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत १९३०च्या दशकात काम केलेले जोसेफ हचिन्सन यांनी हा बदल तपशीलवार मांडला: थंडी आणि दुष्काळ येण्याआधी पिकून मोकळी होणारी कपाशी माणसाच्या हाती आली, तेव्हाच ती उष्ण कटिबंधाबाहेर पसरू शकली. आजच्या लागवडीच्या वाणांना दिवस किती तासांचा आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यांना लागते ऊब. तरी झाडाचा मूळ स्वभाव गेलेला नाही. पाणी आणि अन्न मिळत राहिलं तर कपाशी वाढत राहते, फुलत राहते. ज्वारीचं कणीस एकदा भरलं की ताट वाळू लागतं. कपाशीला असं थांबणं माहीत नाही.

ती फुलते कशी, हे एका झाडाजवळ बसून पाहण्यासारखं आहे. खालच्या दोन दलपर्णांच्या जागेपासून खोडावरची पेरी वर मोजत जायची. पहिल्या चार-पाच पेरांतून आल्या तर गळफांद्या येतात: सरळ वर जाणाऱ्या, खोडाचीच नक्कल करणाऱ्या. सहाव्या-सातव्या पेराच्या आसपास पहिली फळफांदी फुटते आणि तिच्यावर नागमोडी ओळीत पाती लागतात. लवकरच्या वाणात ही पहिली फळफांदी खालच्या पेरावर येते, उशिराच्या वाणात वर. पैदासकार लवकरपणा ओळखतात तो मुख्यतः याच खुणेवरून. पुढची चाल ठरलेली असते. खालच्या फळफांदीवरचं पहिलं फूल उमलल्यावर साधारण तीन दिवसांनी तिच्या वरच्या फांदीवरचं पहिलं फूल उमलतं, आणि त्याच फांदीवरचं दुसरं फूल उमलायला सहा दिवस लागतात. पात्याचं फूल व्हायला तीन-साडेतीन आठवडे. अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी दुधाळ पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग सुकून गळतं. देशीच्या बहुतेक वाणांचं फूल पिवळंजर्द, पाकळीच्या बुडाशी गडद लाल डोळा असलेलं. फुलापासून बोंड फुटेपर्यंत चांगल्या उबेत ४५ ते ५५ दिवस जातात.

आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे २० जूनच्या पुढेमागे, टोबलेल्या कपाशीवर हे सगळं मांडून पाहा. जुलैच्या अखेरीला पाती दिसतात, ऑगस्टच्या मध्याला मघा लागताना पहिली फुलं येतात, सप्टेंबरभर फुलांचा बहर असतो आणि हस्त-चित्राच्या सुमारास खालची बोंडं फुटायला लागतात. इथपर्यंत लवकरच्या आणि उशिराच्या वाणात फरक पडतो तो आठ-दहा दिवसांचा, फार तर पंधरा. चाळीस-पन्नास दिवसांचा फरक पडतो तो यानंतर. फुलणं किती दिवस चालू राहतं, यावर. वाणांच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते. पहिलं फूल केव्हा येतं हे बरंचसं बियाण्याच्या हाती. शेवटचं कामाचं फूल केव्हा येतं ते अंतर, पाऊस, खत आणि अळी मिळून ठरवतात.

अंतराचा हिशोब मांडला तर तो डोळे उघडणारा आहे. एकरी दहा क्विंटल कापूस धरू आणि एका बोंडाचं वजन चार ग्रॅम. म्हणजे एकरात अडीच लाख बोंडं हवीत. चार बाय दीड फुटावर लावलं तर एकरात सात हजारांच्या थोडी वर झाडं बसतात, म्हणजे झाडामागे ३४-३५ बोंडं. नव्वद बाय पंधरा सेंटिमीटरवर लावलं तर झाडं जवळपास तीस हजार आणि झाडामागे बोंडं आठ-नऊ. नऊ फळफांद्यांवरची पहिली नऊ बोंडं यायला, तीन-तीन दिवसांच्या चालीने, महिना पुरतो. पस्तीस बोंडांसाठी मात्र झाडाला दुसऱ्या-तिसऱ्या जागांवर, गळफांद्यांवर, शेंड्याकडे जावं लागतं. त्यात निम्म्याहून अधिक पाती आणि कोवळी बोंडं वाटेतच गळतात हे धरलं तर फुलण्याचे दोन-अडीच महिने सहज होतात. वाण तेच, बियाणं तेच. चार फुटी सरी पाडतानाच शेतकऱ्याने पिकाचा एक महिना वाढवलेला असतो.

जगात अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, चीन इथे कापूस मुख्यतः सरळ वाणांचा आणि दाट लावलेला असतो. शिनजियांगमध्ये तर वसंतातली थंडी चुकवण्यासाठी जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून पेरतात आणि शरद ऋतूतली थंडी यायच्या आत पीक उरकतात. आपण वेगळ्या वाटेला लागलो ते १९७० साली. सुरतेच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला कापूस संकर दिला. १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला. धागा लांबला, उत्पन्न वाढलं, पण हे संकर दीर्घ मुदतीचे होते, भरपूर पाणी-खत मागणारे आणि पसरणारे. बियाणं हाताने परागीकरण करून तयार होत असल्यामुळे महाग, म्हणून विरळ टोबायचं. विरळ लावलं म्हणून झाड मोठं करायचं, आणि मोठं झाड भरायचं म्हणून हंगाम लांबवायचा. ही साखळी तेव्हा जी जुळली ती अजून सुटलेली नाही. कोरडवाहू महाराष्ट्राला त्यातल्या त्यात मानवला तो नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४, मध्यम मुदतीचा. १९८०च्या दशकापासून त्याने मराठवाडा-विदर्भाची रानं व्यापली, याचं मोठं कारण त्याची मुदत होती असं माझं मत आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटीमुळे अळी मरते एवढंच सर्वांच्या लक्षात राहिलं. मुदतीवर झालेला परिणाम कमी बोलला जातो. त्याआधी हिरवी बोंडअळी पहिल्या बहराची पाती-फुलं खाऊन टाकायची आणि झाड नव्याने फुलून भरपाई करायचं. त्यामुळे १६० दिवसांचं पीक १९०-२०० दिवसांवर जायचं. बीटीत पहिला बहर टिकू लागला, बोंडं लवकर आणि एकदम धरू लागली. पहिली काही वर्षं तेच संकर शेतात लवकर आटोपू लागले. एकाच वेळी इतकी बोंडं पोसताना झाड थकतं, हलक्या रानात पानं लाल पडतात. तो ‘लाल्या’ बहुतेक वेळा या ओढाताणीचाच परिणाम असतो, त्यात मॅग्नेशियमची आणि नत्राची कमतरता भर घालते. बीटीने दिलेला हा लवकरपणा पदरात पाडून घ्यायची ती वेळ होती. झालं उलट. ठिबकच्या भरवशावर दुसरा बहर, तिसरा बहर आणि मग फरदड, असा मोह वाढत गेला.

गुलाबी बोंडअळी याच मोहावर पोसली गेली. हिची एक पिढी साधारण महिन्यात पूर्ण होते. हंगामाच्या शेवटी अळ्या दोन सरक्या जोडून त्यात सुप्तावस्थेत बसतात. पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत, त्यांचे पतंग बाहेर पडतात. त्या वेळी रानात पातं नसेल तर अंडी घालायला योग्य जागा नाही आणि तो पतंग वंश न वाढवताच मरतो. २० जूनच्या कपाशीला जुलैच्या अखेरीपर्यंत पाती नसतात. उलट मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या पूर्वहंगामी कपाशीला जुलै उजाडतानाच पाती लागलेली असतात. जळगाव-धुळ्याकडे ही लागवड जुनी, आणि नाशिकच्या मालेगाव, बागलाण भागातही बागायतदार ती करतात. पुढची गोष्ट उघड आहे: पहिली पिढी तिथे वाढते आणि मग शेजारच्या जूनच्या कपाशीवर उतरते. म्हणूनच कृषी विभाग दरवर्षी जूनआधी लागवड नको असं बजावतो आणि त्यासाठी बियाण्याच्या विक्रीची तारीखही लांबवतो. दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरनंतर एखादं पाणी देऊन आणखी एक-दोन क्विंटल काढायचे, आणि त्या बदल्यात अळीला पुढल्या वर्षाची शिदोरी बांधून द्यायची.

याची किंमत २०१७ मध्ये महाराष्ट्राने मोजली. बीजी-२ ला न जुमानणारी गुलाबी अळी त्याच्या दोनेक वर्षं आधी गुजरातेत दिसली होती. २०१७च्या हंगामात तिने राज्यभर कापूस पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यामागची कारणं अनेक होती, पण डोक्यापेक्षा उंच गेलेल्या कपाशीत उभं राहून फवारा अंगावर घेणं हे त्यातलं एक होतं. झाड उंच का गेलं, याचं उत्तर पुन्हा मुदतीशी येतं. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी होतं, वांझ पतंग सोडले गेले, आणि त्याबरोबर ठरल्या तारखेला पऱ्हाट्या मोडण्याची सक्ती होती. आपल्याकडे पहिली गोष्ट आली. तिसरी येऊ शकली असती. तिला पैसा फारसा लागत नाही.

आता थंडीचा मुद्दा. नाशिकसाठी तो विदर्भापेक्षाही महत्त्वाचा आहे, तरी त्याकडे कुणी पाहत नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. गव्हाला आणि द्राक्षाला त्याचं काय होतं यावर पानंच्या पानं छापून येतात, कपाशीबद्दल ओळ नसते. कापसाची वाढ साधारण साडेपंधरा अंश सेल्सिअसच्या खाली थांबते, असं धरून उष्णतेचा हिशोब करतात: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून साडेपंधरा वजा करायचे. फुलापासून बोंड फुटेपर्यंत अशा साधारण ४७० अंशांची बेरीज लागते. हा आकडा अमेरिकेतल्या पिकावरून बसवलेला आहे, पण अदमास यायला पुरेसा. ऑक्टोबरात कमाल ३३ आणि किमान २० धरले तर दिवसाला ११ अंश जमा होतात, आणि बोंड दीड महिन्यात फुटतं. डिसेंबरात कमाल २८, किमान १० धरले तर जमा होतात साडेतीन. म्हणजे ऑक्टोबरातल्या एका दिवसाचं काम डिसेंबरात तीन दिवस घेतं. नोव्हेंबरच्या मध्याला उमललेल्या फुलाचं बोंड फेब्रुवारीपर्यंत ताटकळतं, आणि मिळते ती आखूड, कमकुवत धाग्याची कवडी. नाशिकच्या पूर्व भागात दसऱ्यानंतरचं फूल पोसणं हा तोट्याचा व्यवहार आहे. दिवाळीनंतरचं फूल तर फक्त अळीच्या कामाचं.

म्हणजे लवकरचं वाण आणि दाट लागवड हेच उत्तर, असं कुणी म्हणेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गेल्या दीड दशकात सघन लागवडीचा आग्रह धरला आहे. अकोला कृषी विद्यापीठाचा रजत बीटी यासारखे बीटी सरळ वाणही आले आहेत, ज्यांचं बियाणं शेतकऱ्याला घरी ठेवता येतं. राहुरी विद्यापीठाच्या जळगाव केंद्राची फुले धन्वंतरी, परभणीची पीए मालिका हे देशीचे पर्याय आहेत: खोल मुळाचे, रसशोषक किडींना सहज न बधणारे. दादा लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं तंत्र तर बियाणं न बदलताच मुदत आवळतं. त्यात गळफांद्या काढून टाकतात आणि ठरावीक उंचीला शेंडा खुडतात, की राहिली फक्त फळफांदीवरची बोंडं. माझा कलही याच बाजूला आहे. तरी दोन आडकाठ्या मान्य करायला हव्यात, आणि दोन्ही पावसाच्या आहेत.

पहिली ऑगस्टच्या खंडाची. येवला, नांदगाव, मालेगाव हा पर्जन्यछायेचा टापू आहे. वर्षाचा पाऊस साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि पुढे राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत मालेगाव, येवला, सिन्नर होते. महिनाभरात सगळी फुलं आणणाऱ्या वाणाचा महिनाच कोरडा गेला तर त्याच्याकडे दुसरा डाव नसतो. लांब मुदतीची कपाशी पातं गाळते, थांबते आणि सप्टेंबरच्या पावसावर पुन्हा फुलते. शेतकरी लांब वाणाला चिकटून राहतो तो अज्ञानाने नव्हे; त्या वाणात त्याला विमा दिसतो. दुसरी आडकाठी परतीच्या पावसाची. मृगात पेरलेलं १४० दिवसांचं वाण सप्टेंबरच्या अखेरीला फुटू लागतं, आणि २०१९ सारखा ऑक्टोबर आला तर फुटलेली बोंडं झाडावरच भिजतात, सरकीला मोड येतात. शिवाय ओल १२ टक्क्यांच्या वर गेली तर कापूस महामंडळाच्या खरेदीत तो बसत नाही. एकदम फुटलेला कापूस एकदमच वेचावाही लागतो. मजूर तेव्हा मक्याच्या आणि सोयाबीनच्या रानात असतात. येवला-मालेगाव भागात कपाशीचं बरंच रान मक्याने घेतलं, त्यामागे वेचणीची ही अडचण आहेच.

तेव्हा सरसकट एकच मुदत सगळ्यांना सांगणं चुकीचं ठरेल. विहिरीला दोन पाण्यांची सोय आहे आणि मागे कांदा करायचा आहे, त्याने १५० दिवसांच्या आतलं आटोपशीर वाण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दाट लावावं. खंड पडला तर एक पाणी फुलोऱ्याला राखून ठेवावं. निव्वळ कोरडवाहू, खोल काळ्या रानात १६० दिवसांचं वाण किंवा देशी चालेल, पण गळफांद्या काढून. मुरमाड हलक्या रानात लांब संकर लावणं म्हणजे बियाणं वाया घालवणं. आणि मे लागवड कुणीच करू नये. तिचा फायदा एकाला होतो, दंड सगळ्या शिवाराला बसतो.

बियाणं कंपन्यांकडून आणि कृषी विभागाकडून एक मागणी रास्त आहे. पाकिटावर नुसते एकूण दिवस छापून भागत नाही. पहिली फळफांदी कितव्या पेरावर येते, पहिलं फूल किती दिवसांनी आणि ही मोजणी किती अंतरावरच्या लागवडीत केली, या तीन गोष्टी छापल्या तर शेतकरी स्वतःच्या रानाशी तो आकडा ताडून पाहू शकेल. आज ज्या प्रयोगाचे ते १५० दिवस असतात, तो कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर झाला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तोवर एक मोजणी बिनखर्चाची आहे. पोळा झाला की दर आठवड्याला रानातली दहा-बारा झाडं धरा. फळफांदीच्या पहिल्या जागेवर त्या दिवशी उमललेलं सर्वांत वरचं पांढरं फूल शोधा आणि त्याच्या वर शेंड्यापर्यंत किती पेरी आहेत ते मोजा. बहराच्या सुरुवातीला ती आठ-नऊ भरतात. पाचवर आली की झाडाची उमेद बोंडं पोसण्यातच संपलेली आहे असं समजा. त्यापुढची फुलं धरू नका, त्यांच्यासाठी खत आणि फवारणीचा पैसा घालू नका. दसरा उलटला आणि पेरी अजून सात-आठ असली तर नत्र जास्त झालं किंवा खालची बोंडं गळाली, हे ओळखा आणि शेंडा खुडा. शेवटची वेचणी डिसेंबरात उरका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, आणि कांद्याची लागण वेळेवर करा.